बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतरचे पहिले आठवडे: मनाची बाजू

वजन कमी करायचं ऑपरेशन झाल्यावर पहिले सहा-आठ आठवडे पेशंट पातळ पदार्थांवरून हळूहळू साध्या जेवणावर येत असतो, आणि नेमकं याच दिवसांत मन सगळ्यात जास्त हेलकावे खातं. उगाच रडू येणं, चिडचिड, 'कशाला केलं मी हे' असं रात्री दोन वाजता वाटणं, घरचे जेवायला बसले की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटणं, हे खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. गंमत अशी की ऑपरेशनच्या आधी सगळी चर्चा शुगर, बीपी, घोरणं आणि किती किलो उतरणार याचीच होते, मनाचा विषय निघालाच तर शेवटी, पेशंट फाइल आवरून उठत असताना.

ऑपरेशन नेमकं काय असतं

भारतात सगळ्यात जास्त होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, बोलताना नुसतं 'स्लीव्ह'. यात दुर्बिणीतून जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. दुसरं ऑपरेशन गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे हृदयाचं नाही, पोटाचं; या बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा कप्पा, सुमारे ३० मिली, वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हीनंतर खाण्याच्या पायऱ्या जवळपास सारख्या: आधी एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, मग दोनेक आठवडे पातळ ताक, वरणाचं पाणी, दूध, प्रोटीन पावडर, त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी आपलं नेहमीचं, तेही वाटीभर. पाणी घोट घोट प्यायचं, जेवणाबरोबर नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबून. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जायला हवं, आता एवढ्याशा पोटात ते कसं बसवायचं हीच दिवसभराची नोकरी होऊन बसते.

मन का खचतं

लोक याला पश्चात्ताप म्हणून मोकळे होतात, मला ते पटत नाही. यातला बराच भाग सरळसरळ उपासमारीचा आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला होता, ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १६०० कॅलरीच्या आसपास. ही मुलं काही महिन्यांत उदास झाली, चिडकी झाली, माणसांत मिसळेनाशी झाली, आणि दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. आता बघा, सर्जरीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच पेशंटच्या पोटात ८०० कॅलरीसुद्धा जात नाहीत, वर भूल, पेनकिलर, मोडलेली झोप, टाक्यांची ओढ, ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे खांद्यात येणारी कळ. अशा माणसाचा मूड चांगला राहिला तरच नवल.

दुसरी गोष्ट भुकेची. घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हार्मोन (जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं) मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. त्यामुळे खरी भूक बऱ्याच जणांची पहिले काही आठवडे गायब असते. पण खाखा जात नाही. टीव्ही लावला की हात डब्याकडे जातो, ऑफिसातून फोन आला की काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं, कुणाशी वाजलं की वडापाव आठवतो. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं राग, कंटाळा, एकटेपणा सगळं खाऊनच शांत केलं त्यांचा तो आधार एका सकाळी काढून घेतला जातो आणि बदल्यात काहीच मिळालेलं नसतं. अवघड आहे ते इथे. ऑपरेशनसाठी येणाऱ्यांत आधीपासूनच डिप्रेशन असणारे कमी नसतात, २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा हे प्रमाण सुमारे १९ टक्के निघालं आणि ताबा सुटून खाण्याचा त्रास असणारे १७ टक्के.

भूक वाटते ती कधी कधी नुसती अॅसिडिटी असते हेही लक्षात ठेवायचं, म्हणून तर अॅसिडिटीच्या गोळ्या काही महिने चालू ठेवतात. आणि बायकांच्या बाबतीत अजून एक भर, चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात आणि साठवतातही, वजन भराभर उतरताना ते गणित बिघडतं, पाळी पुढेमागे होते, कधी जास्त जाते, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी यायला कारण लागत नाही.

आठवड्यांचा साधारण क्रम

पहिला आठवडा तसा निघून जातो कारण सगळं लक्ष चालणं, फुप्फुसांच्या व्यायामाचं यंत्र, इंजेक्शनं यातच असतं. दुसऱ्या आठवड्यात दुखणं कमी होतं, भेटायला येणारे पांगतात आणि तेव्हा खरं अंगावर येतं. घरात फोडणीचा वास, आपल्या हातात वरणाच्या पाण्याचा कप. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनाचा काटा थांबतो, कधी आठ-दहा दिवस ढिम्म हलत नाही, कारण सुरुवातीला उतरलेल्यात शरीरातलं पाणी बरंच असतं आणि शरीर ते पुन्हा धरायला लागतं. हे जवळपास ठरलेलं आहे तरी प्रत्येकाला वाटतं की माझीच सर्जरी फेल गेली. रोज काट्यावर उभं राहणाऱ्यांना हा आठवडा फार जड जातो, म्हणून आठवड्यातून एकदाच वजन करा असं सांगतात. मग मऊ खाणं सुरू होतं आणि नवीनच भीती, एक घास जास्त गेला तर छातीत अडकल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, उलटी होते. असं दोनदा झालं की काही जण खायलाच घाबरतात. केस गळणं मात्र याच्या नंतर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. बहुतेकांचे परत येतात, पण कंगव्यातला गुंता बघून धीर सुटतो हे खरं.

घर, पंगत आणि लोक

आपल्याकडे प्रेम दाखवायची पद्धतच वाढण्याची आहे. आई, सासूबाई, मावशी, सगळ्यांचं एकच, "अगं एवढंसं काय खातेस, चेहरा बघ कसा उतरलाय, अजून एक घास घे." त्यांचं चुकतं असंही नाही, डॉक्टरांनी त्यांना कधी समोर बसवून सांगितलेलंच नसतं की हा एक घासच उलटी करवतो. पानात टाकू नये हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं, त्यामुळे चार चमच्यांनंतर ताट बाजूला सारताना पेशंटलाच अपराधी वाटतं. यावर सोपा उपाय म्हणजे वाढून घ्यायचंच छोट्या वाटीत, आणि घरातल्या एका खमक्या माणसाला आधीच डॉक्टरकडे बरोबर न्यायचं, मग पाहुण्यांशी तोच बोलतो.

जी बाई स्वतः घरात स्वैपाक करते तिची परीक्षा तर वेगळीच, चव न घेता सगळ्यांसाठी पोळीभाजी करायची आणि आपण ताक प्यायचं. शक्य असेल तर पहिले दोन-तीन आठवडे डबा लावावा, हा खर्च सर्जरीच्या खर्चातच धरून चालावं. तारीख ठरवतानाही गणपती, दिवाळी, घरातलं लग्न बघून ठरवलेली बरी. बायपासवाल्यांनी श्रीखंड-बासुंदीच्या वाटेला जाऊच नये, साखर भसकन आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, गरगरणं, जुलाब असा डम्पिंगचा त्रास होतो, आणि तो चारचौघांत झाला की माणूस पुढची चार आमंत्रणं टाळतो.

सांगायचं की लपवायचं हाही एक ताण. खूप जण 'हर्नियाचं ऑपरेशन झालं' असं काहीतरी सांगतात, कारण 'डाएट करायचं सोडून शॉर्टकट मारला' हे ऐकायची तयारी नसते. २०११ मध्ये नितीन गडकरींच्या सर्जरीच्या बातम्या आल्या तेव्हापासून नाव तरी घरोघरी माहीत झालं, पण टोमणे काही गेले नाहीत. सगळ्यांना सांगायची गरज नाहीच, पण घरात नवऱ्याला किंवा बायकोला, आणि बाहेर एका तरी माणसाला खरं माहीत असावं, नाहीतर लपवण्यातच अर्धी ताकद जाते. पैशाचाही भाग आहे, पूर्वी मेडिक्लेममध्ये लठ्ठपणाची सर्जरी वगळलेलीच असायची, आता विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा गंभीर आजारांसह ३५ असेल तर ती कव्हर होऊ शकते, तरी अनेकांचे काही लाख खिशातूनच गेलेले असतात आणि काटा थांबला की तेच आठवत राहतात.

कशाने बरं वाटतं

चालणं. ऑपरेशनच्याच संध्याकाळपासून वॉर्डमध्ये चालवतात ते पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून, पण पुढे घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं गच्चीत किंवा सोसायटीत फिरण्याने मूडही सुधारतो, झोपही लागते. जेवणाच्या वेळी हाताला काम ठेवणं, विणकाम म्हणा, गाडी पुसणं म्हणा. खाखा सुटली की ती कधी आणि कशावरून सुटली एवढंच वहीत लिहिणं, आठवड्याने वाचलं तर स्वतःलाच चित्र दिसतं. ऑपरेशनच्या आधीचे फोटो आणि मापं घेऊन ठेवावीत, काटा अडला तरी कंबर कमी होत असते. बऱ्याच हॉस्पिटलांचे पेशंट ग्रुप असतात, तिथे दीड वर्ष पुढे गेलेल्या माणसाशी बोलून जेवढं बरं वाटतं तेवढं पत्रक वाचून वाटत नाही, फक्त 'माझे महिन्यात १५ किलो गेले, तुझे किती' ही शर्यत सुरू झाली की ग्रुप म्यूट करावा. डिप्रेशनच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, बायपासनंतर काही गोळ्यांचं, खासकरून हळूहळू विरघळणाऱ्यांचं शोषण कमी होऊ शकतं, म्हणून सायकिअॅट्रिस्टना ऑपरेशनची तारीख आधीच कळवायची.

जे मनाचं नसतं

हा भाग घरच्यांनी वाचावा. पहिल्या दहा-बारा दिवसांत अचानक घाबरंघुबरं होणं, नाडी १२०च्या वर टिकून राहणं, ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात दुखणं याला 'टेन्शन घेतलंय' म्हणून झोपवून ठेवू नका, आत जठराच्या टाक्यांतून गळती किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ असू शकते, तडक हॉस्पिटल गाठा. तसंच काही आठवडे सारख्या उलट्या होत असतील आणि पेशंट गोंधळल्यासारखा बोलतोय, डोळ्यांना दोन दोन दिसतंय, चालताना झोक जातोय, तर ते बी१ जीवनसत्त्व संपल्याचं लक्षण असू शकतं. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. अशा वेळी ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी बी१ द्यावं लागतं, गावातल्या दवाखान्यात गेलात तर सर्जरी झाल्याचं पहिल्यांदा सांगा. पुढे बी१२ आणि लोह कमी पडलं तरी थकवा आणि उदासी येते, म्हणून रक्ततपासण्या चुकवू नयेत.

पुढचं वर्ष-दोन वर्षं

सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांचं डिप्रेशन सुधारतं, पण सगळ्यांचं टिकतंच असं नाही. कॅनडाच्या ओंटारिओमध्ये ८८१५ पेशंटवर झालेल्या, २०१६ साली आलेल्या अभ्यासात स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना ऑपरेशननंतर सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या (मुळात आकडा लहान, वर्षाला हजारात दोन ते चारच, तरीही), आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या, म्हणजे जेव्हा लोक फॉलोअपला जायचं सोडून देतात तेव्हाच्या. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोकाही दुसऱ्या वर्षी वाढतो. खाणं गेलं आणि त्या जागी ग्लास आला असं होतं ते याच काळात. पहिले १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नयेत असंही सांगतात, आणि वजन उतरलं की पाळी नियमित होऊन ते पटकन जाऊ शकतात, याची कल्पना नसली तर घरात वेगळाच गोंधळ. दोन आठवडे सलग रोज उदास वाटत असेल, झोप-अंघोळ सुटली असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.