खेळाडूंच्या स्मृतिवस्तूंची मरणोत्तर विक्री

खेळाडूने वापरलेल्या, जिंकलेल्या किंवा स्वाक्षरी केलेल्या वस्तूंची त्याच्या निधनानंतर होणारी खरेदी-विक्री आणि तिच्यातून उद्भवणारे नैतिक प्रश्न. प्रस्तुत नोंदीत ‘स्मृतिचिन्ह’ हा शब्द टाळला आहे. सत्कारात शाल-श्रीफळासोबत देतात ते स्मृतिचिन्ह. ते मुळातच आठवणीसाठी घडवलेले असते. येथे अभिप्रेत असलेल्या टोप्या, जर्सी, बॅटी व चेंडू या वस्तू वापरायच्या म्हणून बनल्या, आठवण त्यांना मागाहून चिकटली. पदक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते.

हा व्यापार नेमका कधी सुरू झाला, हे ठरवणे अवघड आहे. सिगारेटच्या पाकिटातून खेळाडूंची चित्रपत्रे देण्याची अमेरिकेतील प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असल्याने बहुतेक लेखक आरंभ तेथे धरतात. त्यांतले सर्वाधिक चर्चिले गेलेले चित्रपत्र बेसबॉलपटू होनस वॅगनरचे (१९०९–११). वॅगनरने हरकत घेतल्यामुळे ते लवकरच मागे घेण्यात आले, याविषयी दुमत नाही. हरकतीच्या कारणाबद्दल मात्र आहे. लहान मुलांनी चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही, असे एक मत; आपल्या चित्राचा मोबदला मिळत नाही म्हणून तो अडला, असे दुसरे. तो स्वतः तंबाखू खात असे, हा मुद्दा पहिल्या मताविरुद्ध नेहमी मांडला जातो. पण स्वतः खाणे आणि मुलांना विकणे या वेगळ्या गोष्टी असल्याने तो निर्णायक मानता येत नाही. वॅगनर १९५५ मध्ये वारला. त्याच्या नकारामुळेच दुर्मिळ झालेल्या या चित्रपत्राची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकली गेली. मृताच्या इच्छेचा मान राखणे म्हणजे काय, हा प्रश्न याहून तिरकसपणे क्वचितच उभा राहिला असेल.

मरणोत्तर विक्रीवरील वाद वरवर पाहता मृत्यूशी निगडित वाटतो. बारकाईने पाहिल्यास तो बहुधा वस्तू खेळाडूच्या हातून कशी सुटली, याविषयीचा असतो : बक्षीस दिली, अदलाबदल केली, टाकून दिली की चोरीस गेली. खेळाडू हयात असेपर्यंत त्याला विचारता येते. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या शालेय काळातील वस्तू त्याच्या आईने २०१३ मध्ये लिलावास दिल्या, तेव्हा त्याने स्वतः हरकत घेतली आणि प्रकरण तडजोडीने मिटले. निधनानंतर हा एकमेव खात्रीचा साक्षीदार जातो व उरते ती ‘मालकीची साखळी’, म्हणजे वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याचा कागदोपत्री वा तोंडी माग.

हा माग किती विरळ असू शकतो, हे जेसी ओवेन्सच्या पदकावरून कळते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील चार सुवर्णपदकांपैकी एक त्याने नर्तक बिल रॉबिन्सन यास भेट दिले होते. रॉबिन्सनच्या विधवेच्या मालमत्तेतून ते २०१३ मध्ये लिलावात आले आणि सुमारे १४.६६ लाख डॉलरला गेले. पदकावर स्पर्धेचे नाव नसल्याने ते १०० मीटरचे, २०० मीटरचे, रिलेचे की लांब उडीचे, हे सांगता येत नाही. तरीही भेट स्वखुशीची असल्याने या विक्रीस नैतिक आक्षेप फारसा उरत नाही.

डॉन ब्रॅडमन (१९०८–२००१) यांच्या हिरव्या टोप्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आज ऑस्ट्रेलियाचा कसोटीपटू एकच टोपी विटेपर्यंत, शिवणी उसवेपर्यंत घालतो आणि तिला जवळजवळ देव्हाऱ्यात ठेवतो. ब्रॅडमन यांच्या काळी दर मालिकेला नवी टोपी मिळे. त्यामुळे जुनी कोणाला देऊन टाकण्यात विशेष काही वाटत नसे. १९४७–४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेतील टोपी त्यांनी भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना दिली. उन्हाने विटलेली ही टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत ३.९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अंतिम बोलीवर गेली. शुल्क धरून रक्कम ४,७९,७०० झाली. देणाऱ्याला जे साधे वाटले, त्याचे आजचे मोल धरून ‘त्याने हे विकायला दिले नव्हते’ असे म्हणणे कितपत रास्त, यावर मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकास ते कालविपर्यासाचे वाटते. पदार्पणाची, १९२८ ची टोपी त्यांनी १९५९ मध्ये अॅडलेडमधील एका शेजाऱ्यास दिली होती. हा शेजारी व्यवसायाने हिशेबनीस होता. पुढे गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल त्याला २०२० मध्ये कैद झाली व त्याची देणी भागवण्यासाठी टोपी विकावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिला ४.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आले. येथे विक्री टाळणे हे फसवल्या गेलेल्यांवर अन्याय करणारे ठरले असते.

वस्तूची ओळखच वादात असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. २२ जून १९८६ रोजी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध दिएगो माराडोनाने घातलेली निळी जर्सी सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने अदलाबदलीत घेतली. या जर्सी ऐन वेळी त्याच शहरातील दुकानातून आणल्या होत्या. बिल्ले घाईने शिवले व अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीचे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले होते. माराडोनाचे २०२० मध्ये निधन झाले. एप्रिल २०२२ मध्ये विक्री जाहीर होताच त्याच्या मुलीने सांगितले, की हॉजकडील जर्सी पूर्वार्धातली आहे. माराडोनाचे त्या सामन्यातले गाजलेले दोन्ही गोल उत्तरार्धातले. लिलावगृहाने बिल्ल्याची शिवण, पट्टे व आकडे यांची जुन्या छायाचित्रांशी तुलना करून जर्सी उत्तरार्धातलीच असल्याचे सांगितले. घाईतल्या शिवणकामामुळे प्रत्येक जर्सी थोडी वेगळी झाली होती. तोच दोष येथे पुरावा म्हणून उपयोगी पडला. छायाचित्रांचा पुरावा मुलीच्या स्मृतीपेक्षा सबळ मानावा लागतो. जर्सी सुमारे ७१ लाख पौंडांना गेली. त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा ‘सुवर्ण चेंडू’ मात्र वारसांच्या आक्षेपामुळे अडला. तो १९८९ मध्ये नेपल्समधील बँकेतून चोरीस गेला होता, असे त्यांचे म्हणणे असून २०२४ मधील पॅरिसजवळचा नियोजित लिलाव पुढे ढकलण्यात आला.

महाराष्ट्रात हा विषय चर्चेत आला तो खाशाबा जाधव (१९२६–८४) यांच्या पदकामुळे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या दौऱ्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या मारून ते फेडले, असे सांगितले जाते. कऱ्हाडला त्यांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. गोळेश्वर या त्यांच्या गावी मंजूर झालेले कुस्ती संकुल रखडल्याने, त्यासाठी निधी उभारण्याकरिता पदक लिलावात काढण्याचा इरादा त्यांच्या मुलाने २०१७ मध्ये जाहीर केला. ‘गावाच्या वर्गणीतून आलेले पदक घरच्यांना विकता येईल का’ हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. मात्र ती रक्कम गावातल्याच आखाड्यावर खर्च व्हायची होती, हे विचारणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

विकण्याऐवजी सरकारकडे सोपवावे, असा सल्ला अशा वेळी हमखास दिला जातो. हॉकीपटू बलबीरसिंग (ज्येष्ठ) यांनी १९८५ मध्ये नियोजित संग्रहालयासाठी ३६ पदके, शंभरावर छायाचित्रे व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे दिला. पुढे या वस्तूंचा पत्ता लागेना. त्या परत मिळाव्यात म्हणून त्यांनी व कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही तो चालूच होता.

कायद्याची बाजू त्रोटक आहे. जंगम मालमत्ता म्हणून स्मृतिवस्तू वारसांकडे जातात व त्या विकण्यास सामान्यतः आडकाठी नसते. नाव व छबी यांच्या वापराचा हक्क कॅलिफोर्नियात मृत्यूनंतर ७० व इंडियानात १०० वर्षे टिकतो. भारतात अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्यासंबंधीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, असे मत दिले. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना सर्वसाधारणपणे १०० वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो. हेलसिंकीचे पदक त्या वयाला २०५२ मध्ये पोहोचेल.