ब्रह्मकमळ (घरगुती)

(शास्त्रीय नाव : एपिफायलम ऑक्सिपेटलम, कुल : कॅक्टेसी). घराच्या गच्चीत, बाल्कनीत किंवा जिन्याखालच्या कोपऱ्यात कुंडीत वाढवला जाणारा आणि पावसाळ्यात रात्री फुलणारा निवडुंग. मूळचा दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांतला. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी हॉवर्थने त्याला आजचे प्रजातिनाव दिले. ब्रह्मदेवाचे नाव त्याला आपल्याकडे येऊन मिळाले.

मूळचे ब्रह्मकमळ (सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा) ही सूर्यफुलाच्या कुलातली हिमालयी वनस्पती. साधारण ३,५०० मीटरच्या वर खडकाळ उतारांवर ती उगवते, दिवसाउजेडी फुललेली असते आणि फिकट पिवळसर कागदी छदांच्या (फुलांभोवतीच्या पानांसारख्या आवरणांच्या) आत तिची जांभळट फुले लपलेली असतात. उत्तराखंडचे ते राज्यपुष्प असून केदारनाथला वाहिले जाते. पुण्या-मुंबईच्या हवेत ते जगणार नाही. दोन्ही फुले शेजारी ठेवली तर कोणीही गोंधळणार नाही, पण हिमालयातले फूल पाहिलेलेच थोडे. त्यामुळे ‘हिमालयातले दुर्मीळ फूल आमच्या बाल्कनीत’ अशी बातमी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे छापून येते. केरळात याच निवडुंगाला निशागंधी म्हणतात, ते नाव अधिक प्रामाणिक आहे. तरी मराठी घरांत ब्रह्मकमळ हेच नाव रुजले आहे आणि ते आता बदलायचे नाही.

झाडाची ‘पाने’ ही खरे तर चपटी झालेली खोडे. त्यांच्या कडांना खाचा असतात आणि कळी त्या खाचेतूनच फुटते, म्हणून फूल पानाला लागल्यासारखे दिसते. जंगलात हे झाड दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर, साचलेल्या पालापाचोळ्यात मुळे रोवून राहते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की त्याची निगा अर्धी कळते : निवडुंग असला तरी हा वाळवंटातला नव्हे. त्याला गाळून आलेले ऊन, दमट हवा आणि पाणी न धरणारी भुसभुशीत माती लागते.

कळी धरल्यापासून फूल उमलायला साधारण तीन ते चार आठवडे जातात. लांब देठासारखी नळी आधी खाली लोंबते, मग टोकाशी वर वळते. फुगलेली कळी संध्याकाळी किंचित सैल दिसली की त्या रात्रीचा बेत नक्की. आठ-नऊच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात, मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उमलते आणि उजाडेपर्यंत मान टाकते. पांढरा रंग, दाट सुगंध आणि लांब नळी ही सगळी तयारी लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी असते. आपल्याकडे मात्र पतंगांच्या आधी शेजारी येतात. फुलाला हळदकुंकू वाहतात, निरांजन ओवाळतात, मुलांना झोपेतून उठवून दाखवतात, फोटो तर निघतातच. परागकोशांच्या गर्दीत पुढे आलेल्या कुक्षीच्या (स्त्रीकेसराच्या टोकाच्या) पंधरा-वीस फाट्यांत कोणाला शेषशायी विष्णू दिसतो, कोणाला खुद्द ब्रह्मदेव. बारा वर्षांनी एकदाच फुलते हा समज चुकीचा आहे; जून झालेले झाड एका पावसाळ्यात दोन-तीनदा बहरते आणि एका रात्री वीस-पंचवीस फुलेही देते.

रोप सहसा विकत आणत नाहीत, ‘एक पान द्या’ म्हणून मागून आणतात. वीतभर लांबीचा जून तुकडा कापून चार-सहा दिवस सावलीत ठेवावा, म्हणजे कापलेली बाजू सुकते आणि लावल्यावर सडत नाही. मग तीच बाजू दोन-तीन बोटे खोल खोचावी. उलटा खोचलेला तुकडा रुसतो, म्हणून कापतानाच खालच्या टोकाला खूण करावी. लाल मातीत निम्म्याला निम्मे कोकोपीट, जुने शेणखत आणि थोडे विटांचे तुकडे घातले की पुरते. फुलांसाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागते. एवढ्यात धीर सुटून लोक भरमसाट खत घालतात. नत्र जास्त झाले की पानेच पाने येतात.

सकाळचे ऊन मिळणारी पूर्वेची बाल्कनी उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीची सावली हवीच, नाहीतर पाने पिवळी पडून करपतात. कोकणात झाड आपसूक माजते. तिथे कुंडीत पाणी तुंबू न देणे एवढेच सांभाळायचे. फांद्या पुरुषभर उंच जातात, म्हणून काठी किंवा जाळीचा आधार द्यावा. कुंडी वरचेवर बदलू नये, मुळे जराशी दाटलेली असली की झाड जास्त फुलते असा बागप्रेमींचा अनुभव आहे. कळ्या धरल्यावर तर कुंडी जागची हलवूच नये. उजेडाची दिशा बदलली किंवा मातीने कोरडी ओढ दिली की कळ्या गळतात, आणि वर्षभर वाट पाहणाऱ्याला ते फार लागते. पिठ्या ढेकूण आणि गोगलगायी हे नेहमीचे शत्रू.

कुंडीतल्या झाडाला फळ क्वचितच धरते. ड्रॅगन फ्रूटचे झाड त्याच कुलातले. त्याची फुलेही पांढरी, मोठी आणि रात्री उमलणारी असतात, त्यामुळे सांगली-सोलापूरकडच्या मळ्यांतली ती फुले पाहून ‘ब्रह्मकमळाचे शेत’ म्हणणारे भेटतात. त्या फळाला गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये ‘कमलम’ असे नाव दिले. अमेरिकेतून आलेल्या निवडुंगाला कमळ म्हणण्याची हौस एकट्या मराठी माणसाची नाही.