वांशिक अल्पसंख्याक संस्थांचे प्रादेशिक जाळे (ब्रिटन)

ब्रिटनमधील कॅरिबियन, दक्षिण आशियाई, आफ्रिकी, चिनी, अरब इत्यादी समाजांनी स्वतःसाठी उभ्या केलेल्या लहान स्वयंसेवी संस्थांना कायदा, हिशेब, निधी आणि सरकारदरबारची बाजू यांत मदत करणारी, एका प्रदेशापुरती काम करणारी मध्यस्थ संस्था. वृद्धांचे भोजनकेंद्र, शनिवारची भाषाशाळा, निर्वासितांचे सल्लाकेंद्र किंवा महिलांचा आधारगट चालवतात त्या सभासद संस्था; जाळे त्यांची मागची बाजू सांभाळते. लंडनमधील रेस ऑन द अजेंडा, ब्रिस्टलचे ब्लॅक साउथ वेस्ट नेटवर्क, पूर्व इंग्लंडातील मेंटर ही याची उदाहरणे.

सभासद संस्था जाळ्यांपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ चे; पण बहुसंख्य मंडळे, गुरुद्वारे, मशिदी, क्लब हे १९४८ नंतरच्या स्थलांतरातून निघाले. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीने कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेण्यास नकार दिला, तेव्हा पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आदींनी बसवर बहिष्कार पुकारला आणि त्याच ऑगस्टात कंपनीने माघार घेतली. गोरा नसलेला शहरातला पहिला बसवाहक रघबीर सिंग हा शीख होता. वर्णभेदविरोधी कायदे पुढे १९६५, १९६८ आणि १९७६ मध्ये आले, पण संस्थांचे आपसांतले संघटन बराच काळ गाव-शहरापुरतेच राहिले.

प्रदेश ही पातळी मुख्यतः सरकारने आणली. १९९४ मध्ये इंग्लंडच्या प्रदेशांत केंद्र सरकारची कार्यालये उघडली, १९९९ मध्ये प्रादेशिक विकास मंडळे आली. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या पोलीस तपासावरचा मॅकफर्सन अहवाल त्याच वर्षी आला आणि २००० च्या दुरुस्ती कायद्याने पोलीस, रुग्णालये, नगरपरिषदा या सर्वांवर वांशिक समतेसाठी झटण्याचे बंधन आले. या सर्वांना सल्लामसलतीसाठी एका दारी भेटणारे कोणीतरी हवे होते. २००४ ची चेंजअप योजना आणि २००६ मध्ये स्थापन झालेली कपॅसिटीबिल्डर्स ही यंत्रणा यांतून स्वयंसेवी क्षेत्राच्या पाठबळासाठी पैसा आला. अनेक जाळी याच सुमारास उभी राहिली किंवा पगारी कर्मचारी ठेवू लागली. नकाशा सरकारचा, पैसाही बव्हंशी सरकारचा, ही त्यांची जन्मजात दुर्बलता.

कामाची सुरुवात बहुधा कागदपत्रांपासून होते. नवी संस्था आली की लिखित घटना, विश्वस्तांची यादी, बँक खाते, मागील वर्षाचा जमाखर्च आणि मुलांशी वा दुर्बल प्रौढांशी काम असल्यास त्यांच्या सुरक्षेचे धोरण, एवढे पाहतात. नेहमी अडते ते नात्यांवर. एकाच गावच्या चार घरांनी काढलेल्या मंडळात अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष पती-पत्नी किंवा सख्खे भाऊ असणे अगदी साहजिक. पण राष्ट्रीय लॉटरीच्या लहान अनुदानासाठी (३०० ते २०,००० पौंड) समितीत किमान दोन जण असे लागतात, की ज्यांचे एकमेकांशी रक्ताचे वा विवाहाचे नाते नाही आणि जे एका पत्त्यावर राहत नाहीत. खात्यावर सही करणाऱ्यांनाही हीच अट. उपाय सोपा पण वेळखाऊ आहे: सर्वसाधारण सभा बोलवायची, नवा कोषाध्यक्ष निवडायचा, इतिवृत्तात ठराव नोंदवायचा आणि तो बँकेला देऊन सह्यांचे अधिकार बदलून घ्यायचे. बँका यात कित्येक आठवडे घालवतात. म्हणून जाणकार कार्यकर्ता आधी बँकेचे काम उरकायला लावतो, मग अर्ज भरायला बसतो. उलट क्रम केला तर मंजूर अनुदानही खात्यात येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेले की धर्मादाय संस्थेने चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करायची असते. हे आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तालयासारखे नियामक कार्यालय. २०१३ पासून नव्या संस्थांना एक स्वतंत्र कायदेशीर रूप मिळू लागले. त्यात संस्थेला स्वतःच्या नावाने करार करता येतो आणि देण्यांचा बोजा सहसा विश्वस्तांच्या घरादारावर येत नाही, मात्र उत्पन्न कितीही असले तरी नोंदणी आवश्यक. नोंदणीकृत संस्थांची वार्षिक माहिती आर्थिक वर्ष संपल्यापासून १० महिन्यांत भरायची असते. उशीर सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही दिसतो आणि निधी देणारे ती नोंदवही आधी उघडतात. म्हणून सभासदांच्या मुदतींची यादी ठेवून वेळेआधी फोन करणे हे जाळ्याचे सर्वांत रुक्ष आणि बहुधा सर्वांत उपयोगी काम.

अंदाजपत्रकातली चूक ठरलेली असते. भाषाशाळेच्या अर्जात शिक्षकाचे मानधन आणि सभागृहाचे भाडे येते. समन्वयकाचा वेळ, विमा, फोन, हिशेबनिसाची फी येत नाही. तो खर्च कोणीतरी पदरमोड करून भागवतो. अशा हिशेबाने जितके प्रकल्प वाढतील तितका खड्डा खोल होतो. प्रत्येक प्रकल्पावर सामाईक खर्चाचा वाटा चढवायला शिकवणे, हे प्रशिक्षणवर्गांचे पहिले प्रकरण.

अनुदानांची जागा निविदांनी घेतल्यावर लहान संस्था दाराबाहेर राहिल्या, कारण अटीत मोठी उलाढाल आणि अनुभव मागितला जाऊ लागला. जाळ्याने पाच-सात सभासदांना एकत्र करून स्वतः मुख्य कंत्राटदार व्हायचे, ही तोड निघाली. त्यात दोन खोडे आहेत. काम झाल्यावर पैसे मिळत असल्याने मधल्या महिन्यांचे पगार भागवायला गंगाजळी लागते. आणि जाळे स्वतःच कंत्राट घेऊ लागले की ते आपल्याच सभासदांचे प्रतिस्पर्धी ठरते. कुरबुरी मुख्यतः इथूनच सुरू होतात. कोणती कामे जाळे स्वतःसाठी मागणार नाही, हे घटनेत किंवा सभासद-करारात आधीच लिहिलेले बरे.

इमारत मिळवताना सावधगिरी अधिक लागते. २००३ च्या सर्वसाधारण परवानगीनुसार, समाजहित दाखवता आल्यास नगरपरिषद आपली मालमत्ता बाजारभावापेक्षा २० लाख पौंडांपर्यंत कमी किमतीत देऊ शकते. नाममात्र भाड्याची जुनी शाळा हे आमिष मोठे असते, पण भाडेपट्ट्यात संपूर्ण दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूवर टाकलेली असेल तर गळके छप्परही पदरी पडते. सहीपूर्वी छप्पर, विद्युत जोडणी आणि अ‍ॅसबेस्टॉस यांची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. ते पैसे वाचवणारे पुढे दहापट मोजतात.

प्रदेशाप्रमाणे काम पार बदलते. २०२१ च्या जनगणनेत नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये सुमारे ९३ टक्के लोकांनी स्वतःला गोरे म्हणून नोंदवले, लंडनमध्ये जेमतेम ५४ टक्क्यांनी. कॉर्नवॉल-डेव्हनमध्ये एखाद्या समाजाची चार घरे वीस-वीस मैलांवर असतात. तिथे समाजवार संस्था उभीच राहत नाही, म्हणून मिश्र गट बांधावे लागतात आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो. लंडनमध्ये संस्था उदंड, त्यामुळे जाळ्याचा भर धोरण आणि संशोधनाकडे झुकतो.

एकाच समाजासाठी काम करणाऱ्या संस्थेला सार्वजनिक पैसा द्यावा का, हा वाद २००७ मध्ये पेटला. एकात्मतेवरील सरकारी आयोगाने अशा निधीबाबत सामान्यतः हात आखडता घ्यावा असे सुचवले. ईलिंग नगरपरिषदेने साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या १९७९ पासून आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी झटणाऱ्या संस्थेचा निधी काढून सर्वांसाठी एकच घरगुती हिंसाचारविरोधी सेवा ठेवायचे ठरवले. प्रकरण २००८ मध्ये उच्च न्यायालयात गेले आणि नगरपरिषदेला निर्णय मागे घ्यावा लागला. खास गरजेसाठीची खास सेवा एकात्मतेच्या आड येत नाही, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले. निधी नाकारला गेला की सभासद संस्थांना आधी या निकालाकडे बोट दाखवता येते.

मार्च २०११ मध्ये प्रादेशिक कार्यालये आणि कपॅसिटीबिल्डर्स दोन्ही बंद झाली. विकास मंडळेही वर्षभरात गेली. ज्या जाळ्यांचा पगारखर्च याच पैशावर चाले त्यांतली अनेक मिटली किंवा नावापुरती उरली. वेल्समधील ऑल वेल्स एथ्निक मायनॉरिटी असोसिएशनची कथा वेगळी: आर्थिक नियंत्रणे आणि मंडळाची देखरेख ढिली असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०१२ मध्ये सरकारने निधी थांबवला आणि संस्था कोसळली. कोविडच्या आरंभी, एप्रिल २०२० मध्ये, उबेले इनिशिएटिव्ह या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी चालवलेल्या संस्थेच्या पाहणीत असे दिसले, की संकट तीन महिन्यांवर गेले तर दहापैकी नऊ लहान अल्पसंख्याक संस्था बंद पडतील. त्यानंतर दात्यांनी या संस्थांसाठी वेगळे निधी काढले आणि वाटपाचा निर्णय काही ठिकाणी त्याच समाजांतील लोकांच्या हाती दिला.

तगून राहिलेली जाळी आता जागेचे भाडे, प्रशिक्षण, संशोधनाची कंत्राटे आणि खासगी न्यासांची अनुदाने यांची मोट बांधून चालतात. स्कॉटलंडमध्ये बेमिस आणि सेम्वो स्कॉटलंड या अशाच मध्यस्थ संस्थांमागे तेथील स्वायत्त सरकारचा निधी असल्याने २०११ चा फटका त्यांना त्या रीतीने बसला नाही.