खर्चाची वही एकटीच नसते

इंदूरच्या रामबागेत पोह्यांची प्लेट हातात घेऊन दर निवडणुकीत कोणीतरी म्हणतंच, ‘उमेदवार मनाला येईल तो खर्च लिहितो, बघतंय कोण!’ तसं नाही हो. सभेत व्हिडिओ पथक खुर्च्या, मंडप, गाड्या टिपतं. मग जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे अगदी खुर्चीच्या भाड्यापासून चहापर्यंत किंमत लावून निवडणूक यंत्रणा स्वतःची समांतर नोंदवही भरते. प्रचारात किमान ३ वेळा उमेदवाराची वही तिच्याशी ताडतात; तफावत निघाली की नोटीस. निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मध्य प्रदेशात विधानसभेला मर्यादा ४० लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, आणि पाकिटं काही कोणी कॅमेऱ्यासमोर वाटत नाही.