न्यूग्रेंजची पांढरी भिंत: आयर्लंडच्या पुराणस्थळांची पार्श्वभूमी

आयर्लंडच्या पुराणकथांचा माग काढत निघालेला प्रवासी बहुधा डब्लिनहून निघतो आणि तासाभरात बॉइन नदीच्या खोऱ्यात पोचतो. न्यूग्रेंज, नाउथ आणि दाऊथ या माणसाने रचलेल्या तीन मोठ्या प्राचीन दफनटेकड्या नदीच्या एकाच वळणात वसलेल्या आहेत. त्यांतली न्यूग्रेंज लांबूनही लगेच ओळखू येते, कारण तिच्या दर्शनी बाजूला पांढऱ्याशुभ्र गारगोटीची उभी भिंत आहे. माहितीपत्रकांवर हीच भिंत असते आणि पुराणकथेतल्या एंगस देवाचा वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हीच येते. आज दिसते तशी ही भिंत 1970च्या दशकात उभी राहिली. ती कशी उभी राहिली हे कळल्याशिवाय या प्रवासाचा अर्धा अर्थ हाती लागत नाही, म्हणून इथे तिच्याबद्दल सविस्तर लिहितो आहे.

मूळ बांधकाम इसवी सनापूर्वी 3200च्या सुमाराचं. टेकडीचा व्यास सुमारे 85 मीटर, तिच्याभोवती 97 शिळांचं कडं, आत 19 मीटरांचा अरुंद मार्ग आणि त्याच्या टोकाला गाभारा. छताच्या शिळा एकावर एक, थोड्या थोड्या आत सरकवत रचल्या आहेत. वरून झिरपणारं पाणी बाजूला जावं म्हणून त्यांच्या पाठीवर खाचा कोरल्या आहेत आणि फटी जळकी माती व समुद्राची वाळू यांनी बुजवल्या आहेत. बांधकामाचा काळ ठरला तो याच भरावातल्या जळक्या अंशावरून.

ज्या कथा आपण इथे शोधायला येतो त्या मात्र मठांमध्ये, ख्रिस्ती भिक्षूंच्या हातून लिहिल्या गेल्या. जुन्या मोठ्या हस्तलिखितांपैकी काही 12व्या शतकातली आहेत. त्यांत दागदा हा देव नदीदेवता बोअनसाठी सूर्याला नऊ महिने थांबवून धरतो आणि एंगस एकाच दिवसात गर्भात येऊन जन्मही घेतो. पुढे एंगस हा वाडा ‘एक दिवस आणि एक रात्र’ एवढ्यापुरता मागून घेतो आणि सगळा काळ दिवस-रात्रींचाच बनलेला असतो असं सांगून कायमचा आपल्याकडे ठेवतो. बांधणारे आणि लिहिणारे यांच्यात 4,000 वर्षांचं अंतर आहे, मधे भाषा बदलल्या, धर्म बदलला. तरी जागेचं पावित्र्य तुटलं नव्हतं. टेकडीसमोर पहिल्या ते चौथ्या शतकातली रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने सापडले. ज्या बेटावर रोमचं राज्य कधी नव्हतं तिथे कुणीतरी ते अर्पण करून गेलं होतं.

1699मध्ये रस्त्यासाठी दगड काढताना आतल्या मार्गाचं तोंड सापडलं, 1882मध्ये टेकडी सरकारी संरक्षणाखाली आली. तिचं आजचं रूप घडायला सुरुवात झाली ती 1960च्या दशकात. पर्यटक वाढत होते, आतल्या शिळा कलत होत्या आणि पर्यटन खात्याला ही जागा नीट दाखवता यायला हवी होती. 1962मध्ये उत्खनन सुरू झालं, ते 1975पर्यंत चाललं. पुरातत्त्व आणि पर्यटन अगदी पहिल्या दिवसापासून हातात हात घालून चालत होते. या भिंतीवरचा वाद समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात घ्यायला हवं.

उत्खननात प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांना, कड्याच्या शिळांबाहेर, गारगोटीच्या तुकड्यांचा जाड थर सापडला. त्यात अधूनमधून गोल गुळगुळीत करडे दगडही होते. गारगोटी दक्षिणेकडच्या विकलोच्या डोंगरांतली आणि करडे गोटे उत्तरेच्या किनाऱ्याकडचे. म्हणजे दोन्ही मुद्दाम दुरून आणलेले. उत्खननप्रमुखांनी निष्कर्ष काढला की हा थर म्हणजे कोसळलेली भिंत आहे. तो पडताळायला त्यांनी दगडांची भिंत रचून ती कोसळवून पाहिली, पडलेल्या दगडांची ठेवण जमिनीतल्या ठेवणीशी जुळली असं त्यांचं म्हणणं होतं. मग भिंत पुन्हा उभारायचं ठरलं. जवळजवळ उभ्या चढाची ती भिंत टिकावी म्हणून मागे सळईच्या काँक्रीटचा आधार दिला गेला, आणि आक्षेप सुरू झाले ते इथूनच.

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. काँक्रीटशिवाय जी भिंत आज उभी राहत नाही, ती 5,000 वर्षांपूर्वी नुसत्या माती-दगडांवर कशी उभी राहिली असेल? त्यांच्या मते गारगोटी कधी भिंतीवर नव्हतीच. ती प्रवेशद्वारापुढे अंथरलेली होती, जमलेल्या लोकांच्या पायांखाली. शेजारच्या नाउथलाही असाच थर सापडला, आणि तिथल्या उत्खननकर्त्यांनी तो जमिनीवरच पसरून ठेवला. एकाच खोऱ्यात, एकाच काळातल्या दोन टेकड्यांसमोर सापडलेला सारखाच पुरावा एका ठिकाणी उभा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आडवा. दोन्ही ठिकाणं एकाच तिकिटावर पाहता येतात. हा विरोधाभास डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे, आणि प्रवाशाने नाउथ वगळून परतू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रवेशद्वारापाशी आत वळलेल्या गडद दगडी भिंतींबद्दल तर वादच नाही, त्या नव्या आहेत. गर्दीला चढता-उतरता यावं आणि सर्पिलांनी भरलेली ती प्रसिद्ध शिळा लोकांच्या पायांखाली येऊ नये म्हणून केलेली ती सोय होती. शिळा वाचली हे चांगलंच झालं. पण सोय आणि पुनर्बांधणी यांच्यातली सीमारेषा जागेवर ठळकपणे दाखवली असती तर पाहणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी सगळंच प्राचीन मानलं नसतं.

या साऱ्या वादातून वाचलेली गोष्ट म्हणजे प्रकाश. 1963मध्ये दाराच्या वर झरोक्यासारखी एक दगडी चौकट सापडली. वर्षातल्या कुठल्याशा दिवशी ऊन आतपर्यंत जातं असं गावकरी सांगायचे, आणि अभ्यासक ते कानाआड करायचे. 21 डिसेंबर 1967च्या सकाळी उत्खननप्रमुख आत बसले आणि सूर्याची तिरीप त्या चौकटीतून गाभाऱ्यापर्यंत आली. ती सुमारे 17 मिनिटं टिकते. आता उगवतीनंतर चारेक मिनिटांनी ती आत येते, बांधकामाच्या काळात उगवतीबरोबरच यायची, कारण पृथ्वीचा आस दरम्यान किंचित बदलला आहे. 2016मध्ये ही चौकटसुद्धा आधुनिक करामत असल्याचा आरोप झाला. तो मला पटत नाही. तिच्या माथ्यावरच्या नक्षीदार शिळेचा उल्लेख 19व्या शतकातही आहे, आणि मार्गाचा चढ व दिशा कुणी काँक्रीटने तयार केलेली नाही.

त्या सकाळनंतर दागदाने थांबवलेला सूर्य ही निव्वळ कल्पना राहिली नाही. लोकांच्या रांगा लागल्या, प्रतीक्षायादी इतकी लांबली की 2000पासून सोडत काढावी लागली. काही वर्षी 30,000हून जास्त अर्ज आले, आत जागा मोजक्यांनाच. बाकीच्यांसाठी मार्गदर्शक आतले दिवे मालवतो आणि एका विजेच्या दिव्याने ती तिरीप दाखवतो. 1993मध्ये खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नदीच्या दक्षिण काठावर अभ्यागत केंद्र झालं, तिथून पुलावरून चालत आणि पुढे बसने जावं लागतं. गाड्या थेट टेकडीला भिडत नाहीत, हा मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

प्राचीन आयरिश राजांची टेकडी असलेल्या टाराच्या वाट्याला इतकं शहाणपण आलं नाही. 1899 ते 1902च्या दरम्यान तिथे बायबलमधला करारकोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, शोधायला एका पंथाने खणून नासधूस केली. पुढे टेकडीजवळच्या खोऱ्यातून महामार्ग न्यायचं ठरलं. 2007मध्ये लिस्मलिन इथे लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ सापडलं, तरी नोंदी करून काम पुढे रेटलं गेलं आणि 2010मध्ये रस्ता सुरू झाला. पश्चिमेकडचं रॅथक्रोहन, म्हणजे पुराणकथेतल्या राणी मेव्हचं ठाणं, मात्र आजही बरंचसं शेतांत आहे. हिवाळ्याच्या आरंभीच्या साऊइन सणाच्या रात्री युद्धदेवता मॉरिगन जिथून बाहेर पडते ती गुहा एका शेताच्या कडेला आहे आणि तिथे चिखलातून वाकून उतरावं लागतं.

अलीकडची खळबळ पुन्हा बॉइनकाठचीच. 2020मध्ये न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यातल्या एका हाडाची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. त्या माणसाचे आईबाप सख्खे भाऊबहीण किंवा मग पालक-अपत्य असावेत असं दिसलं, आणि त्यावरून तो राजघराण्यातला असावा असा तर्क झाला. अभ्यासकांना लगेच दाऊथचं स्थलमाहात्म्य आठवलं. राजा एका दिवसात टेकडी बांधून घेऊ पाहतो, त्याची बहीण मंत्राने सूर्य थांबवते, राजा तिच्याशी संग करतो, मंत्र तुटतो आणि अंधार पडतो. हजारो वर्षांची आठवण कथेत टिकली, असे मथळे झळकले. 2025मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी हात आखडता घेतला. एका हाडावरून राजघराणं उभं करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला योग्य वाटतं. कथेचं आणि हाडाचं जुळणं विलक्षण आहे, पण त्यातून राजवंश सिद्ध होत नाही.

दाऊथच्या टेकडीला 1847च्या सुमाराच्या खोदकामाने मोठा खड्डा पडलेला आहे, तो तसाच आहे. तिच्या दक्षिणेकडच्या गाभाऱ्यात डिसेंबरातला मावळता सूर्य शिरतो. 2023मध्ये सरकारने शेजारची 500 एकरांहून मोठी इस्टेट विकत घेतली आणि तिथे राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली. आता तिथेही लोक येतील, वाटा होतील, फलक लागतील आणि खड्डा बुजवून टेकडी पूर्वीसारखी करा अशी मागणीही होईल. ती मान्य होऊ नये. खोदकामाने झालेली इजा दिसत राहू द्यावी आणि जे नव्याने बांधावंच लागेल ते वेगळ्या दगडात, वेगळं ओळखू येईल असं बांधावं.