मोजता न येणारी खरेदी : सरकारी सेवा-कंत्राटांची पार्श्वभूमी

सरकारी इमारतीच्या सफाई कंत्राटाचे एका महिन्याचे देयक हातात घेऊन पाहा. वर बिल, त्याखाली हजेरीपट, मग मजुरी बँकेत जमा झाल्याचा तक्ता, भविष्य निर्वाह निधीचे चलन, राज्य कामगार विम्याचे चलन आणि शेवटी ‘काम समाधानकारक’ असा शिक्का मारून केलेली सही. इतकी माणसे, इतके दिवस, इतका दर. जिने झाडले गेले का, स्वच्छतागृहात पाणी होते का, याचा पत्ता त्या शिक्क्यापलीकडे कुठेच लागत नाही. सरकारने विकत घेतली होती स्वच्छता, पण गठ्ठ्यात मोजून ठेवली आहेत ती माणसे.

हे असे का झाले, याचे उत्तर कुणा एका अधिकाऱ्याच्या बेफिकिरीत नाही. ते सरकारी खरेदीच्या कायद्याच्या घडणीत आहे. या कायद्याने आधी वस्तू ओळखली, मग बांधकाम ओळखले आणि सेवेकडे तो सगळ्यात शेवटी वळला. वळला तेव्हा तिच्यासाठी वेगळे माप त्याच्याजवळ नव्हते.

वस्तूंची गोष्ट सोपी होती. पोलाद, कापड, कागद तोलता येतो, नमुन्याशी ताडून पाहता येतो, नापास झाला तर परत पाठवता येतो. १९२२ साली भारतीय भांडार विभाग स्थापन झाला आणि त्याच परंपरेत पुढे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय उभे राहिले. दिल्लीतले हे ‘डीजीएस अँड डी’ २०१७ च्या ऑक्टोबरअखेर बंद होईपर्यंत देशभरच्या कार्यालयांसाठी दरकरार ठरवत होते. बांधकामासाठी त्याहून जुनी व्यवस्था होती. डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. या खात्यात आजही कंत्राटदाराचे बिल निघते ते मोजमाप पुस्तकातल्या नोंदीवर, आणि खात्यात सगळे त्याला ‘एमबी’च म्हणतात. लांबी, रुंदी, उंची, गुणाकार, खाली अभियंत्याची सही. वस्तूला तराजू होता, बांधकामाला फीत होती.

सेवेला खातेच नव्हते. झाडणारा, राखण करणारा, टपाल नेणारा, गाडी हाकणारा हा बहुतेक सरकारचाच नोकर असे. त्याची ‘खरेदी’ करायची असते हे कुणाच्या मनातही नव्हते. तो आस्थापनेच्या पगारपत्रकावर होता.

राज्यघटनेतही हे वेगळेपण दिसत नाही. सरकारी कराराचा पाया म्हणजे अनुच्छेद २९९. करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावे व्यक्त झाला पाहिजे, त्यांच्या वतीने झाला पाहिजे आणि सही अधिकार दिलेल्या व्यक्तीचीच पाहिजे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम १७५ वरून हे घटनेत आले. त्यात वस्तू, काम, सेवा असा भेद नाही. ही औपचारिकता पुष्कळदा पाळली जात नसे. तोंडी हुकूम होत, साध्या पत्रावर काम सुरू होई आणि पैसे द्यायची वेळ आली की सरकार म्हणे, करारच झालेला नाही. बी. के. मंडल यांच्या फर्मच्या प्रकरणात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आधार घेतला : फुकट करण्याचा इरादा नसताना कुणी कायदेशीरपणे काही दिले किंवा केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे किंवा ती गोष्ट परत केली पाहिजे. ते प्रकरण तात्पुरत्या गोदामांच्या नि रस्त्याच्या बांधकामाचे होते. पण कलमातले ‘परत करणे’ हे शब्द सेवेला लावून पाहिले की खरी अडचण समजते. पहाऱ्याची रात्र परत कशी करणार? सेवा घेतली की ती संपते. तिच्याबाबतीत उरतो तो फक्त मोबदल्याचा प्रश्न.

‘सेवा’ म्हणजे नेमके काय, यावर आपल्याकडे पहिले बारकाईचे वाद झाले ते निविदांवरून नव्हे, निवडणुकांवरून. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील मूळ कलम ७(ड) प्रमाणे सरकारला माल पुरवण्याच्या, सरकारने हाती घेतलेली कामे करण्याच्या किंवा ‘सेवा पार पाडण्याच्या’ कंत्राटात हितसंबंध असलेला माणूस अपात्र ठरत असे. बिहारमध्ये सरकारी धान्याचा साठा सांभाळण्याचे कंत्राट असलेल्या एका फर्मच्या भागीदाराचा उमेदवारी अर्ज याच कारणावरून फेटाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने म्हटले, सरकारने हाती घेतलेली सेवा म्हणजे लोकांना रास्त भावात धान्य मिळवून देणे. गोदामात ते राखणे हा ठेव सांभाळण्याचा करार झाला, त्याला ती सेवा पार पाडणे म्हणता येणार नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. सरकार लोकांना जी सेवा देते ती वेगळी आणि सरकार स्वतःसाठी जी सेवा विकत घेते ती वेगळी, ही रेघ तिथे ओढली गेली. पुढे कायदा बदलला. आजच्या कलम ९(अ) मध्ये माल आणि कामे यांचाच उल्लेख आहे. सेवा हा शब्द गळून गेला आहे.

दुसरा टप्पा मुंबईच्या विमानतळावर घडला, तोही एका उपाहारगृहावरून. जानेवारी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने दुसऱ्या श्रेणीचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षांसाठी चालवायला देण्याची निविदा काढली. अट होती, निविदाकार किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या श्रेणीचा हॉटेलचालक असावा. सर्वाधिक बोली महिना ६,६६६ रुपये ६६ पैशांची आली. पण ती ज्याची होती त्याचा अनुभव कॅन्टीन चालवण्याचा होता, अट पुरी करणारा नव्हता. तरी निविदा त्यालाच दिली गेली. रमणा दयाराम शेट्टी यांनी त्याला आव्हान दिले. ४ मे १९७९ च्या निकालात न्या. भगवती यांनी तत्त्व घालून दिले की सरकारी संस्थेने एकदा जाहीर केलेली पात्रतेची अट तिला स्वतःलाही बांधून ठेवते. पात्रता नाही म्हणून जे लोक पुढे आलेच नाहीत, त्यांच्यावर अट मागाहून सैल करणे हा अन्याय आहे, तो अनुच्छेद १४ चा भंग आहे.

निविदा मात्र रद्द झाली नाही. शेट्टी यांनी स्वतः निविदा भरलेली नव्हती, ते उशिरा आले होते आणि दरम्यान कंत्राटदाराने सुमारे सव्वा लाख रुपये खर्चून तिथे व्यवसाय सुरू केला होता. काटेकोरपणे पाहता ही खरेदी नव्हतीच, परवाना शुल्क सरकारला मिळणार होते. तरीही भारतातल्या प्रत्येक सेवा-निविदेच्या पात्रता अटींमागे आज हाच निकाल उभा आहे. पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणात न्यायालयाने स्वतःसाठी मर्यादा आखली की आम्ही निर्णयाची प्रक्रिया तपासू, निर्णयाची जागा घेणार नाही.

निविदाकाराला असे संरक्षण मिळत गेले. ज्याच्या हातून सेवा घडते त्या कामगाराचा कायदा मात्र वेगळ्याच रस्त्याने चालला होता. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम १९७० सालचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत तोच चालला. त्याच्या नावातच दोन इच्छा आहेत, नियमन आणि निर्मूलन. कलम १० खाली सरकार एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत बंद करू शकत असे. कलम २१ प्रमाणे मजुरी वाटताना मुख्य मालकाचा, म्हणजे ज्याच्यासाठी काम करून घेतले जाते त्याचा, प्रतिनिधी हजर लागे, आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची असे. म्हणजे सरकारी कार्यालय सेवा विकत घेते तेव्हा ते नुसते ग्राहक नसते, मुख्य मालकही असते. खरेदीची फाइल सांभाळणाऱ्या पुष्कळ अधिकाऱ्यांना हे पटकन पटत नाही. नियम मात्र अर्ध्या शतकापूर्वीपासूनचा आहे.

बंदी आली तर कामगारांचे काय? १९९६ च्या एअर इंडिया निकालाने सांगितले, ते मुख्य मालकाकडे आपोआप सामावले जातील. ३० ऑगस्ट २००१ रोजी ‘सेल’ (भारतीय पोलाद प्राधिकरण) प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे फिरवले. आपोआप सामावणे नाही. मात्र कंत्राट निव्वळ दिखाऊ ठरले, तर कामगार मुख्य मालकाचेच मानले जातील. २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी नोकरीत मागच्या दाराने कायम होण्याची वाटही जवळपास बंद केली.

नेमक्या याच वर्षांत सरकारी पदे आटत होती. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ मध्ये मनुष्यबळ दहा वर्षांत ३० टक्क्यांनी घटवावे असे सुचवले. सहाव्या आयोगानंतर केंद्रात ‘ड’ गटच राहिला नाही. शिपाई, सफाईगार, पहारेकरी ही पदे ज्यांच्या घरात पहिली सरकारी नोकरी घेऊन येत, त्यांच्यासाठी ते दार बंद झाले. काम मात्र संपले नव्हते, इमारती रोज झाडाव्याच लागत होत्या. म्हणून सेवेची खरेदी करणे भाग पडले आणि तिला नियम हवे झाले.

ते आले २००५ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत. १९६३ च्या जुन्या नियमांत सामान होते, कामे होती. २००५ च्या सहाव्या प्रकरणाच्या शीर्षकातच ‘वस्तू व सेवा’ आले. सल्लासेवा वेगळ्या केल्या आणि बाकीच्या सेवा काटकसर व कार्यक्षमतेसाठी बाहेरून घेण्याची मुभा दिली. जगातही हा क्रम फार निराळा नव्हता. १९७९ चा सरकारी खरेदीचा आंतरराष्ट्रीय करार फक्त वस्तूंचा होता, सेवा त्यात १९९४ च्या करारात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचा आदर्श कायदा १९९३ मध्ये वस्तू आणि बांधकामांपुरता निघाला नि एका वर्षात सेवांसाठी पुन्हा काढावा लागला. भारतात स्वतंत्र केंद्रीय कायद्याचे विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. तमिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांनी आपले कायदे केले. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका शासन निर्णयाने आली.

२०१७ च्या वित्तीय नियमांनी सल्लासेवा नसलेल्या सेवेची व्याख्या केली. तिचे फलित भौतिक आणि मोजता येण्याजोगे असावे, कामगिरीचे निकष स्पष्टपणे ठरवून सातत्याने लावता यावेत. व्याख्या उत्तम आहे, मनापासून म्हणतो. तिच्याप्रमाणे निविदा लिहायची तर इमारतीचे क्षेत्रफळ, दिवसातून किती वेळा सफाई, तपासणी कुणी व कधी करायची, त्रुटीला किती कपात, हे सगळे आधी बसून लिहावे लागते. त्याला वेळ लागतो, कामाची जाण लागते. त्यापेक्षा ‘४० सफाईगार, १२ महिने’ लिहिणे सोपे. लेखापरीक्षणातही हजेरीपट तपासता येतो, स्वच्छता तपासता येत नाही. म्हणून सेवेची निविदा हळूहळू मनुष्यबळ पुरवठ्याची निविदा झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेवर तर मनुष्यबळ हा सेवांचा स्वतंत्र प्रकारच आहे.

यातून एक विचित्र स्पर्धा उभी राहिली. किमान वेतन, निधी, विमा हे कायद्याने ठरलेले. मग बोली लागणार कशावर? फक्त सेवाशुल्कावर, म्हणजे कंत्राटदाराच्या स्वतःच्या मोबदल्यावर. कंत्राटदार शून्य शुल्क भरू लागले. शून्यावर धंदा कुणी करत नाही. तुटीचे पैसे कामगाराच्या मजुरीतूनच निघणार, हा संशय रास्तच होता. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०१४ मध्ये शून्य शुल्काची निविदा ग्राह्य धरू नये असे बजावले. पण शून्य नाही तर शून्याच्या अगदी शेजारचा आकडा भरायला कुणी अडवले होते? शेवटी जेमवर अशा निविदांसाठी ३.८५ टक्के ही किमान मर्यादा आली. मग बोलीदार त्याच आकड्यावर येऊन थांबू लागले. जिथे सगळ्यांचा भाव एकच, तिथे किमतीवरून निवड करण्यात अर्थ काय उरला? ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची वाट सल्लासेवांच्या पलीकडेही खुली केली, पण मोठ्या रकमेच्या खरेदीत त्यासाठी ती खरेदी गुणवत्ताप्रधान असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने आधी जाहीर करावे लागते.

मुंबईत या सगळ्या धाग्यांची गाठ पडली ती कचऱ्याच्या गाडीवर. महापालिकेसाठी कंत्राटदारांमार्फत कचरा उचलणाऱ्या २,७०० कामगारांचा, आपण महापालिकेचेच कामगार आहोत हा दावा कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने निवाडा दिला, उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. महापालिकेच्या कागदावर ती सेवेची खरेदी होती. न्यायाधिकरणाने कंत्राटाआड बघितले तेव्हा तिथे नोकरीच दिसली.

सहा वर्षांनी, ६ सप्टेंबर २०२३ रोजी, राज्य शासनाने नऊ संस्थांमार्फत बाह्ययंत्रणेतून मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला. त्यात अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी होती आणि पदांच्या याद्या होत्या. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करण्यात आला. दरम्यान संसदेने २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य कामात कंत्राटी कामगार नको असे तत्त्व घातले आहे. मुख्य कामात काय मोडत नाही, याची यादीही त्याच संहितेत दिली आहे, आणि त्या यादीत स्वच्छता, पहारा व उपाहारगृह ही तिन्ही कामे आहेत.