नभोवाणी-संग्रहातील ग्रामीण विदर्भ

नभोवाणी केंद्रांनी ध्वनिमुद्रित करून जपलेल्या कथा, श्रुतिका (नभोनाट्ये), रूपके, मुलाखती व लोकगीते यांच्या आधारे ग्रामीण विदर्भाचा इतिहास आणि संस्कृती अभ्यासण्याची पद्धती. जमाबंदीच्या व कोर्टकचेरीच्या कागदांत गावाची जमीन, सारा आणि तंटे सापडतात. गाव बोलत कसे होते, हे जाणण्यासाठी ध्वनिफितीकडेच वळावे लागते.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर हे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या राजधानीचे शहर होते. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणून जुने मुद्रण ऐकताना ते कोणत्या वर्षीचे आणि त्या वेळी केंद्राचा श्रोता कोण होता, हे आधी ठरवणे आवश्यक ठरते. पुढे अकोला, यवतमाळ व चंद्रपूर येथेही केंद्रे झाली.

या साधनाचे खरे मोल बोलीच्या अभ्यासात आहे. छापताना ‘डोळा’ असा प्रमाण केला जाणारा शब्द पश्चिम विदर्भातील वऱ्हाडीत ‘डोया’, तर पूर्वेकडील झाडीबोलीत ‘डोरा’ असा उच्चारला जातो; ‘मला’चे ‘मले’ होते, आणि ‘काहून’ (का, कशासाठी) या एका शब्दाला आश्चर्य, राग किंवा जिव्हाळा यांपैकी कोणती छटा आहे, हे केवळ सुरावरून कळते. तथापि श्रुतिकेतील बोली आणि शेतकऱ्याच्या मुलाखतीतील बोली यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. श्रुतिका लिहून, तालीम करून सादर होते; तीत बोली केवळ गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी घातली असेल, तर ते मुद्रण गावापेक्षा लेखकाच्या दृष्टीविषयी अधिक सांगते. मुलाखतीत मात्र तिफन, वखर, डवरा (पेरणी-मशागतीची अवजारे), सरकी (कापसाचे बी) हे शब्द कामाच्या ओघात येतात, आणि बोलणारा मध्येच थांबून जे समजावून सांगतो, ते अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक ऐकावे.

सणांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. पोळ्याच्या झडत्यांचे (बैलांसमोर म्हटल्या जाणाऱ्या गीतांचे) शब्द लिहून ठेवता येतात; परंतु ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ या ओळीवर जमाव कसा एका आवाजात उत्तर देतो, ते वाचून उमगत नाही. भुलाबाईची (मुलींच्या सणाची) गाणी संपल्यावर झाकलेला डबा हलवून आतील खाऊ ओळखायचा असतो, आणि या खेळाचा आधारच आवाज आहे. झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भातील) दंडार हे लोकनाट्य किंवा तुकडोजी महाराजांच्या भजनातील खंजिरीचा ठेका यांनाही हेच लागू पडते.

संग्रह मुळातच अपुरा आहे, याची जाणीव ठेवावी लागते. चुंबकीय फिती महाग असल्याने कार्यक्रम प्रसारित झाल्यावर त्या पुसून पुन्हा वापरल्या जात; उरलेल्यांना उष्णता, दमटपणा व बुरशी यांचा उपद्रव होतो. काय राखावे हा निर्णयही केंद्रातील अधिकाऱ्यांचा असे, त्यामुळे नामवंतांची भाषणे अधिक टिकली आणि शेतमजूर स्त्रियांचे आवाज विरळ राहिले. ही उणीव फार मोठी आहे. अंकीय प्रत करताना मूळ फितीच्या डबीवरील तारीख, गाव व गायकांची नोंद सोबत न उतरवल्यास आवाज वाचतो, पण त्याचा ठावठिकाणा हरवतो.

अशी नोंद नसलेले मुद्रण संबंधित भागातील वृद्धांना ऐकवणे हा एक उपयुक्त मार्ग आहे. उच्चारावरून ते बहुधा तालुका ओळखतात, एखाद्या गाण्याचे आपल्या गावातील वेगळे कडवे म्हणून दाखवतात. ते कडवे मूळ मुद्रणात न मिसळता, म्हणणाऱ्याच्या संमतीने, स्वतंत्र क्रमांकाखाली नोंदवावे लागते.